कुरखेड्याचे रेल्वे स्थानक, जे कधी बांधलेच गेले नाही

कुरखेड्याला रेल्वे कधीच आली नाही. सती नदीच्या काठचे हे आमचे तालुक्याचे गाव वडशापासून पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला आहे, आणि गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला वर्षानुवर्षे रेल्वेचे एकच स्थानक आले, ते वडशाचे. असे असूनही माझ्या टेबलावर गेली दोन वर्षे कुरखेडा स्थानकाची इमारत उभी राहते आहे. लांबी १४० मिलिमीटर, रुंदी ६३ मिलिमीटर. काळ १९३६ सालचा मे महिना.

शिलालेख, नाणी आणि मोडी कागद यांवरचे धागे ज्यांनी आवडीने वाचले, त्यांना हा प्रकार इतिहासाच्या अंगणात उपरा वाटेल. जे घडलेच नाही त्याची प्रतिकृती कशी असू शकते? माझा एक मित्र रेल्वेच्या प्रतिकृती बनवतो आणि फार काटेकोर आहे. त्याने तर स्पष्टच सांगितले, "हे खेळणं आहे, इतिहास नव्हे." त्याचे म्हणणे मी नाकारत नाही. पण नसलेली इमारत बांधताना प्रत्येक विटेला 'तू इथे का?' असे विचारावे लागते. असलेल्या इमारतीची नक्कल करताना हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण वीट समोर असते आणि तेवढा पुरावा पुरतो. माझ्याकडे तो पुरावा नाही. त्यामुळे दर वेळी कारण शोधावे लागते.

आधी मूळ रेल्वेविषयी थोडे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने नागपूर-छत्तीसगड रेल्वे ताब्यात घेऊन पूर्वेकडे मुख्य मार्ग नेला. त्या मार्गावरच्या गोंदियाहून विसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद मापाच्या शाखा फुटल्या. एक उत्तरेला सातपुड्यातून जबलपूरकडे गेली, दुसरी दक्षिणेला अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी चांद्याच्या दिशेने उतरली. नागपूर-नागभीड हा फाटा १९०८ साली उघडला. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य मार्गाचे माप साडेपाच फूट होते. अडीच फुटांचे माप निवडण्याचे कारण अगदी व्यवहारी होते. वळणे तीव्र घेता येतात, भराव कमी लागतो, पूल हलके चालतात आणि पैसा वाचतो. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आपल्या वऱ्हाडातली 'शकुंतला'ही याच मापाची. तिथे कापूस होता, इथे धान आणि जंगल.

१९९० च्या दशकात गोंदिया-चांदा मार्ग रुंद झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडी २०१९ च्या अखेरीस थांबली. अरुंद मापाचे जग कसे दिसत होते हे पाहायचे असेल, तर नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली उघडलेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. इंजिनाशेजारी उभे राहिल्यावर ती गाडी किती ठेंगणी होती हे जेवढे कळते, तेवढे कोणत्याही छायाचित्रावरून कळत नाही.

आता हा छंद. तयार साच्यांचे संच विकत मिळतात. ते जोडले की स्थानक तयार होते, पण ते स्थानक जर्मनीतले किंवा इंग्लंडमधले असते. बर्फ घसरून पडावा म्हणून तीव्र उताराचे छप्पर आणि धुराड्याची शेकोटी असलेले घर कुरखेड्यात कोणी ठेवावे? म्हणून भारतीय इमारत हवी असेल तर पुठ्ठा, कागद, लाकूड घेऊन पहिल्या रेघेपासून स्वतःच बांधावी लागते. या रीतीला छांदिष्टांच्या भाषेत स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी १९९८ साली उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. शिक्षणासाठी पुण्यात असताना मी तिथे कितीदा गेलो याची गणती नाही. गाड्यांपेक्षा आजूबाजूच्या इमारतींकडेच माझे लक्ष असे.

प्रमाण निवडले १:८७. या प्रमाणात एक फूट म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. एवढे एक सूत्र पाठ झाले की पुढचे सारे जग त्याने मोजता येते. सात फुटी दार साडेचोवीस मिलिमीटरचे. साडेपाच फुटी माणूस सव्वाएकोणीस मिलिमीटरचा. ७६२ मिलिमीटरला ८७ ने भागले तर पावणेनऊच्या आसपास उत्तर येते, आणि त्याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी ९ मिलिमीटरचे रूळ जगभर सहज मिळतात. अरुंद मापाची रेल्वे बनवणाऱ्यांना हा योगायोग फार उपकारक ठरला आहे. रूळ विकत घ्यायचे आणि इमारत हाताने बांधायची, असा माझा हिशेब ठरला.

इमारतीआधी वर्ष ठरवावे लागले. वर्ष न ठरवता बांधलेले स्थानक म्हणजे तारीख नसलेले पत्र. १९३६ साली कुरखेडा मध्य प्रांत व वऱ्हाडातल्या चांदा जिल्ह्यात होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला १९८२ चा ऑगस्ट उजाडायचा होता. पूर्वेला जमीनदाऱ्यांचा मुलूख होता, आणि त्या संपायला १९५१ साल लागले. रेल्वे अजून कंपनीच्या हाती होती, कारण सरकारने बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये ताब्यात घेतली. पुढे ती १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत, १९५५ मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेत आणि २००३ मध्ये दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत गेली. प्रत्येक बदलाबरोबर पाट्या, रंग आणि अक्षरे बदलत गेली. १९३६ धरले की यातले काहीच आपल्या टेबलावर येऊ शकत नाही.

मग जागा. वडशाहून पूर्वेला सपाट धानशेती लागते, कुरखेड्याच्या पलीकडे कोरचीकडे डोंगर चढू लागतात. कंपनीचा अभियंता खर्च मोजणारा असणार. त्याने शाखा चढापूर्वीच थांबवली असती, असे मला वाटते. कोरची, पुराडा, मालेवाडा या दिशांनी येणाऱ्या गाडीवाटा जिथे एकत्र येतात तिथे, म्हणजे कुरखेड्यात. हे शेवटचे स्थानक, म्हणून इंजिन वळवायला किंवा बाजूने फिरवायला जागा हवी, वाफेच्या इंजिनाला पाणी हवे आणि नदी जवळ हवी. सती नदीने तो प्रश्न सोडवला. मे महिन्यात तिचे पात्र कोरडे पडते हे मला ठाऊक आहे, म्हणून पाण्याच्या टाकीशेजारी विहीर दाखवली.

भिंती वीटकामाच्या. इंग्रजी अमदानीतली वीट ढोबळ मानाने ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि चुन्याच्या सांध्यासह ३ इंच उंचीचा थर देणारी धरली. माझ्या प्रमाणात एक थर ०.८७५ मिलिमीटरचा. १२ फूट उंच भिंतीत असे ४८ थर येतात. दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर ब्लेडच्या बोथट बाजूने ४८ आडव्या रेघा ओढायच्या, मग उभ्या सांध्यांच्या. दोन पुठ्ठे एकावर एक चिकटवले की जाडी चार मिलिमीटर होते, आणि दीड विटेची खरी भिंत या प्रमाणात बरोबर तेवढीच भरते. जाडीकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. मग खिडकी कागदात कापल्यासारखी दिसते. वैदर्भी उन्हाळ्यात खिडकीच्या खोबणीत पडणारी सावली हाच तर त्या इमारतीचा चेहरा असतो.

जिथे खरी जुनी इमारत उभी आहे तिथे हाच हिशेब उलटा चालतो, आणि इतिहासाच्या वाचकांना तो कुठेही उपयोगी पडेल. वाडा असो, कचेरी असो वा धर्मशाळा, एक वीट मोजपट्टीने मोजा, छायाचित्र समोरून काढा आणि घरी बसून थर मोजा. शिडीवर न चढता भिंतीची उंची मिळते. आजची प्रमाणित वीट १९ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच असते. त्यामुळे थरांची लय मध्येच बदललेली दिसली तर ती डागडुजी अलीकडची, हेही उमगते.

छपरापाशी मी सर्वांत अधिक काळ रेंगाळलो. आमच्या भागातली जुनी घरे कवेलूंची, कुंभाराने थापलेल्या अर्धगोल कौलांची. पण स्थानकावर कवेलू असती का? मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली यंत्रावरच्या चपट्या कौलांचा कारखाना काढला. पुढे ही मंगलोरी कौले देशभर सरकारी आणि रेल्वेच्या इमारतींवर चढली. एकसारखी, खाचेत खाच बसणारी, हिशेबात बसणारी. अशी कौले दूरवरून आणायची तर रेल्वेनेच आणावी लागतात. म्हणून मी असे ठरवले की स्थानकाचे छप्पर मंगलोरी, मालधक्क्याची शेड पन्हळी पत्र्याची, आणि खलाशाची खोली व गाडीवानांचा मांडव कवेलूंचा. गावात रेल्वे आली म्हणजे काय झाले असते, हे या तीन छपरांत दिसते. बाहेरून काय आले आणि आधीपासून काय होते, यांची सीमा इमारतीच्या माथ्यावरूनच ओळखू येते.

मंगलोरी कौलांसाठी लग्नपत्रिकेचा जाड कागद वापरला. दोन्ही उतारांना मिळून चोवीस पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर सदुसष्ट खाचा. पन्हळी पत्रा औषधाच्या पट्टीमागच्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा. खऱ्या पत्र्याची लाट तीन इंचांची असते, म्हणजे येथे पुन्हा ०.८७५ मिलिमीटर. बारीक आट्यांच्या स्क्रूवर तो कागद दाबून फिरवला की लाटा उमटतात. आणि कवेलू केली धानाच्या तणसाची. लोंबीच्या अगदी खालची काडी दीड मिलिमीटरच्या आसपास असते. ती उभी चिरली की अर्धगोल पन्हळ मिळते. पातळ केलेल्या फेव्हिकोलचा हात दिला की ती घट्ट राहते. कुरखेड्यातल्या स्थानकासाठी जर्मनीहून प्लॅस्टिक मागवण्याची गरज मला या एका काडीमुळे उरली नाही.

वासे आणि व्हरांड्याचे खांब बांबूचे. गावातल्या बुरडाकडे गेलो आणि सव्वा मिलिमीटर जाडीच्या कामट्या मागितल्या. त्याने मोजपट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही. अंगठ्याच्या नखाने कांब दुभंगवत गेला आणि म्हणाला, "एवढी बारीक कायले पायजे बापा, सुपाले का?" मी स्थानकाचे सांगितले. तो हसला. "कुरखेड्याले गाडी आनून राह्यला का तू!" घरी येऊन कॅलिपरने मोजले तेव्हा वीस कामट्यांत फरक होता तो मिलिमीटरच्या दशांशाएवढा.

इमारत बांधून होईपर्यंत सारे सुखाचे चालले होते. तिकिटाची खिडकी, मास्तरांची खोली, तारेचे यंत्र, भिंतीला टांगलेल्या लाल बादल्या, घंटा म्हणून लोंबकळणारा रुळाचा तुकडा. घासलेटाच्या भीतीने दिव्यांची खोली वेगळी ठेवत, तीही तशीच बाजूला ठेवली. एडमन्सन पद्धतीचे पुठ्ठ्याचे तिकीट या प्रमाणात पाऊण मिलिमीटरहूनही लहान होते, ते सोडून दिले. मग व्हरांड्यात पाणी ठेवायची वेळ आली.

१९३६ साली भारतातल्या स्थानकांवर पिण्याचे पाणी एक नसे. 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी मडकी आणि वेगळे पाणके असत. आणि ज्यांना विहिरीवरच बंदी होती त्यांना पाणी वरून ओतले जाई, तेही कोणी ओतले तर. इतिहासाच्या वाचकाला येथे मसूरची आठवण व्हावी. सातारा जिल्ह्यातल्या या स्थानकावर १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांसह गाडीतून उतरले. वडिलांकडे जायचे होते आणि कोणी न्यायला आले नव्हते. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच ते मागे सरले. भाड्याची बैलगाडी मिळाली ती दुप्पट पैसे देऊन, आणि मुलांनी स्वतः हाकण्याच्या अटीवर. रात्रभराच्या त्या प्रवासात पाणीही मिळाले नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवला आहे.

तो प्रसंग ज्या प्रकारच्या व्हरांड्यात घडला, तसाच व्हरांडा मी बांबूच्या कामट्यांनी सजवत होतो. जगभरच्या प्रतिकृतींत जुने स्थानक नेहमी गोड असते. फुलांच्या कुंड्या, पेटीवर झोपलेले मांजर, हात हलवणारे मास्तर. मला या गोडव्याचा कंटाळा आहे. १९३६ हे वर्ष मीच निवडले होते, तेव्हा त्या वर्षाचे पाणीही घ्यावे लागणार होते. व्हरांड्यात दोन मडकी ठेवली, अंतर राखून, दोन्हींवर पाटी. आणि जोत्याखाली, सावलीबाहेर, तीन माणसे बसवली. प्रत्येकी उंची बसल्या स्थितीत अकरा मिलिमीटर. पाहायला येणारे बहुतेक जण विचारतात की ही उन्हात का बसली आहेत, आणि संभाषण तिथून सुरू होते. लहान मुले हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात.

दुसरी अडचण मालधक्क्याची. स्थानकाच्या इमारतीतून माणसे जातात, पण शाखा बांधली जाते ती मालासाठी. कुरखेड्याहून काय गेले असते? धान, मोहफूल, डिंक, लाख, हिरडा, बांबू. आणि लाकूड. भारतात वनखाते १८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या हाताखाली उभे राहिले. त्यामागे ज्या निकडी होत्या, त्यांत रेल्वेच्या स्लीपरांची निकड मोठी होती. मी साधा हिशेब केला. तीस किलोमीटरची शाखा, दर ७५ सेंटिमीटरला एक स्लीपर, आणि लाकडीच धरले तर केवळ मार्ग अंथरायला ४०,००० स्लीपर. ते काही वर्षांनी बदलावे लागतात. त्यानंतर माल म्हणून जे लाकूड बाहेर गेले असते, त्याची तर सुरुवातच यानंतर.

शेजारच्या आजींना मी मोठ्या उत्साहाने प्रतिकृती दाखवली होती. त्यांनी मालधक्क्यावर रचलेल्या काड्यांच्या ओंडक्यांकडे बोट दाखवले. "हे कोनतं जंगल तोडलं रे बाबू?" मी गप्प राहिलो. मग त्याच म्हणाल्या, "गाडी असती तं माहा पोरगा दवाखान्यात लवकर पोचला असता. आन् गाडी असती तं हे जंगलबी नसतं. दोन्ही खरं हाये." त्यांच्या मुलाची गोष्ट माझ्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यातल्या रस्त्याची ती गोष्ट आहे आणि मी ती इथे सांगणार नाही.

वडशाहून आरमोरीमार्गे गडचिरोलीकडे जाणाऱ्या सुमारे ५० किलोमीटरच्या नव्या रेल्वेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले, तेव्हाही चर्चा याच दोन टोकांमध्ये फिरत राहिली. एका बाजूला रुग्ण, विद्यार्थी आणि बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला वनजमीन आणि जंगलातून बाहेर जाणारा माल. माझे मत विचाराल तर रेल्वे यावी, असेच मी म्हणेन. पण मालधक्क्यावरचे ओंडके मी काढून टाकलेले नाहीत. उलट त्यामागचा टेकडीचा उतार मी अर्धा उघडा ठेवला आहे. तिथे झाडांचे बुंधे दिसतात, काडेपेटीच्या काड्यांचे, दोन-दोन मिलिमीटर उंच.

पार्श्वभूमीच्या पडद्याची हकीकत वेगळीच. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र, नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे ओळीने आहेत. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका कलावंताला मी आकाश आणि दूरचे डोंगर रंगवायला सांगितले. त्याने तिसऱ्या अंकाच्या शेवटी शोभेल असे तांबडे-जांभळे आकाश रंगवून दिले. मे महिन्यातले आमचे आकाश पांढुरके, धुरकट असते. तरी तो पडदा मी तसाच लावला आहे. सगळीकडे पुरावा मागणाऱ्या या कामात एक गोष्ट तरी झाडीपट्टीच्या मर्जीने असावी.

राहिली नावाची पाटी. तुमच्या लक्षात आले असेल, आपण नागभीड म्हणतो आणि रेल्वेच्या इंग्रजी पाटीवर मात्र 'नागभिर' वाचले जाईल अशी अक्षरे आहेत. जुन्या इंग्रजी कागदांत गडचिरोलीचे 'गढचिरोली' होते. मराठीतला 'ड' हिंदी कानांनी ऐकला की 'ड़' होतो आणि रोमन लिपीत गेला की त्याचा 'र' होतो. कंपनीचा कारभार कलकत्त्याहून चाले. त्यामुळे १९३६ च्या माझ्या पाटीवरची रोमन अक्षरे 'कुरखेरा' अशी वाचली जातील, त्याखाली देवनागरीत कुरखेडा. पाहुणे चूक म्हणून दाखवतात. मी नागभीडचे नाव घेतो.

अजून दिव्यांची खोली रंगवायची आहे, मास्तरांचे निवासस्थान तर पायाच्या रेघांवरच आहे. त्यासाठी तुमची मदत हवी. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ, सोलापूर, कुठेही तुमच्या गावाजवळ अरुंद मापाच्या रेल्वेची जुनी इमारत वा नोकरांची चाळ उभी असेल, तर आधी तिथल्या माणसांची परवानगी घ्या, रुळांपासून दूर राहा आणि अगदी समोरून एक छायाचित्र काढा. चौकटीत एक मीटरची काठी उभी दिसू द्या. दाराची उंची, विटेची लांबी आणि जोत्याची उंची कागदावर लिहा, कौलांचा प्रकार लिहा, आणि तिथे पाणी कुठे ठेवत असत हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तेही त्याच कागदावर लिहा.